बासिलिसाचं बोट

१४ जून
नऊ दिवसांनी अंथरुणातून उठले. ताप गेला, जाताना गुडघ्यातली ताकद घेऊन गेला. डॉक्टर म्हणाला, "या वयात जपायला हवं." बासष्ट हे काही वय नव्हे. त्याच्या आईचं असेल.

खाली आले तर बासिलिसाने कॉफी पुढे केली. कॉफी कसली, गरम पाण्याला काळा रंग. बाजारातला कॉफीवाला भाजलेला मका मिसळतो हे मला ठाऊक होतं, आता त्याने लाजही सोडलेली दिसते. मग आलं घातलेली कोंबडीची पेज आली. कागद भिजवून खाल्ल्यासारखी लागली. ही बाई लग्नाआधी बाईस गावच्या साखर कारखान्यात, कँटीनमध्ये दोनशे माणसांचा स्वयंपाक करायची. त्या दोनशे माणसांची मला नेहमीच कीव येत आली आहे. त्यातलाच एक माझा धाकटा भाऊ क्रिस्पुलो. जेवायला गेला आणि हिला घेऊन आला. त्याला सव्वीस वर्षं झाली. तो जाऊनही अकरा झाली. भावजय मात्र माझ्या नशिबी राहिली.

नऊ दिवस आमचं मिठाईचं दुकान तिने एकटीने चालवलं. फ्रीझर उघडून पाहिला. सिल्वाना म्हणजे काजूच्या दोन कुरकुरीत चकत्यांमध्ये लोण्याचं क्रीम; लंबगोल असते, बोटभर जाडीची, कडा सारख्या. हिने केलेल्या बुटाच्या तळव्यांसारख्या दिसतात. तरी लोकांनी नेल्या. लोक काहीही नेतात.

२० जून
आंबे आणले. बेचव. सुकी मासळी आणली, ती नुसती खारट. गोड आणि खारट, एवढंच आता या गावात उरलं आहे. शेतकऱ्यांना घाई, कोळ्यांना घाई, कुणाला काही नीट करायचं नाही. आमच्या लहानपणी आंबा कापला तर रस्त्यावरच्या माणसाला कळायचं.

लोणीही पातळ झालं आहे. क्रीममध्ये व्हॅनिला वाढवला, मग आणखी थोडा. बासिलिसाने माझ्यासमोर पातेल्यात बोट बुडवलं आणि चाटलं. सव्वीस वर्षांत शिस्त लागली नाही ती आता काय लागणार.

"मानांग," ती म्हणाली. मी थोरली, म्हणून मानांग. "व्हॅनिला जरा जास्त झालाय का?"

"तुझ्या कँटीनमध्ये व्हॅनिला होता का गं?"

"नव्हता."

"मग गप्प बस."

बसली गप्प. पण तोंड असं केलं जणू औषध प्यायली आहे.

३ जुलै
बासिलिसाच्या हातून क्रीमचं पातेलं पडलं. या पंधरा दिवसांत तिसऱ्यांदा. मी जेवून जरा पडले होते, उठले तर ती फरशी पुसत होती आणि दुसरं पातेलं भरून तयार. वीस अंडी वाया. "हात ओले होते," म्हणाली. हात ओले असतील तर पुसावेत, हे कोणत्या शाळेत शिकवतात ते शोधून तिला तिथे घालायला हवं.

१९ जुलै
एक ट्रे जळाला. मी भट्टीसमोरच बसून काजू निवडत होते. बासिलिसा अंगणातून धावत आली आणि भट्टीचं दार उघडलं तेव्हा धूर माझ्या तोंडावर आला. डोळ्यांत पाणी आलं.

"मानांग, वास नाही आला?"

"आला की. उठतच होते."

चकत्या कोळशासारख्या काळ्या. मी उठतच होते. याहून जास्त लिहायचं कारण नाही.

५ ऑगस्ट
लोरेली आली होती, बासिलिसाची मुलगी. नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि आतापासूनच घरातल्या सगळ्यांना पेशंट समजते. आईची रक्तातली साखर फार वाढली आहे म्हणे. गोड पूर्ण बंद. भाताचीसुद्धा मोजून वाटी. बासिलिसा मान खाली घालून ऐकत होती, शाळेत उशिरा आलेल्या मुलीसारखी.

मला हसू आलं. आज सकाळी मी मोजलं होतं. एका पातेल्याला तीनदा बोट. चकत्यांचा तुकडा मोडून तोंडात. काजू भाजताना चार काजू. एकूण तेरा वेळा हात तोंडाशी गेला. अर्धवट भाजलेल्या चकतीचं तर मिटक्या मारत चर्वण केलं, डोळे मिटून. डोळे मिटून खाणारी माणसं मला सहन होत नाहीत.

१२ ऑगस्ट
सांगून टाकलं. लोरेली भात वाढत होती तेव्हा म्हटलं, "एवढं मोजून वाढतेस, पण तुझी आई दिवसभर स्वयंपाकघरात चोरून खात असते, हे माहीत आहे का तुला?"

लोरेलीच्या हातातला डाव थांबला. "खरं, आई?"

बासिलिसाने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता काहीतरी खोटं बोलेल. नाही बोलली.

"सवय आहे गं," ती म्हणाली.

"सवय? बाबा असेच गेले, 'सवय आहे' म्हणत म्हणत. मी परीक्षा द्यायची की तुझ्यावर पहारा ठेवायचा?" पोरगी रडायला लागली. बासिलिसा तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. स्वतःची बाजू म्हणून एक शब्द नाही. चोर पकडला गेला की असाच गरीब होतो.

मी ताट उचललं आणि आत गेले. मला काही वाईट वाटलं नाही. तिच्याच भल्यासाठी सांगितलं.

८ सप्टेंबर
पाऊस. दुकानात दिवसभर कुणी नाही. आईची पेटी काढली. ती कपड्यांत इलांगइलांगची फुलं ठेवायची. पेटी उघडली की ती खोलीत आल्यासारखी वाटायची, इतकी की मी वर्षातून एकदाच उघडते, उगाच हवा लागून वास उडू नये म्हणून. आज ब्लाउज नाकाशी धरला. काही नाही. दुसरा धरला. नुसतं कापड.

चाळीस वर्षं झाली. कधीतरी उडणारच होता. पण गेल्या वर्षी होता.

२२ सप्टेंबर
बासिलिसाला स्वयंपाकघर बंद. मी स्पष्ट सांगितलं: तू बाहेर बस, कागदात गुंडाळ, खोक्यांत भर, गिऱ्हाइकांशी गोड बोल, ते तुला जमतं. भट्टी आणि क्रीम माझ्याकडे.

"आणि चव कोण बघणार?" तिने विचारलं.

"चव मी आहे."

ती पातेल्यावर झाकण ठेवून दारापर्यंत गेली. मग म्हणाली, "मानांग, निदान भरायच्या आधी मला एकदा..."

"एकदा काय? एकदा चाटायचंय?"

गेली बाहेर. या लोभाला काय म्हणावं. लाज असती तर माणूस पुन्हा विचारत नाही.

१ ऑक्टोबर
मी चर्चला जाऊन आले तर क्रीमचा वरचा थर सपाट केलेला. चमच्याने कुणीतरी काळजीपूर्वक फिरवलेला, बोटाची खूण जावी म्हणून. शिवाय मी काढून ठेवलेलं लोणी जागेवर नाही, दुसरं आहे. विचारलं तर म्हणते मांजराने तोंड घातलं होतं. आमच्याकडे मांजर नाही.

आता लंगडायलाही लागली आहे. उजव्या चपलेचा पुढचा पट्टा कापून टाकला आहे. उभं राहायचं काम सांगितलं की लंगडते, मी आत गेले की स्वयंपाकघरात पोहोचायला पाय अगदी ठणठणीत.

१२ ऑक्टोबर
ढोंग नव्हतं.

आज दुपारी खोकी भरता भरता ती खुर्चीतून घसरली. अंग तापलेलं. मी चप्पल काढली. पायाची दोन बोटं काळी पडली होती आणि तिने त्यांना आमच्या दुकानाच्याच कागदात गुंडाळून ठेवलं होतं, बाहेरून सुबक, कडा सारख्या. सव्वीस वर्षांत तिने गुंडाळलेलं काही मी पहिल्यांदाच नीट पाहिलं.

ट्रायसिकलवाल्याला हाक मारली. वाटेत ती एकच गोष्ट बोलत होती, फिएस्टाच्या, गावच्या सणाच्या, सिल्वाना. फिएस्टाला अजून सहा आठवडे आहेत. तापात माणूस काहीही बरळतो.

१५ ऑक्टोबर
पायाची दोन बोटं काढली. लोरेली माझ्याशी बोलत नाही. इस्पितळाच्या व्हरांड्यात म्हणाली, "तुम्ही पाहत होतात ना, तिया? ती लंगडत होती तेव्हा?"

मी म्हटलं, "तुझी आई एवढं गोड खाते..."

"मी पायाबद्दल विचारतेय."

नर्स होणार आहे, पण आत्याशी कसं बोलावं ते त्यांच्या पुस्तकात नाही.

बासिलिसा उशीवर पडून होती. तिच्यासाठी संत्री नेली होती. तिने विचारलं, "काजू कुठले घेतले?"

"अगापिताकडूनच. दरवर्षी तिच्याकडूनच घेते."

"चाखून घ्या. म्हणजे, लोरेलीला चाखायला द्या. तिच्या जिभेला कळतं."

"आणि माझ्या जिभेला?"

तिने संत्र्यांकडे पाहिलं. मी संत्री तिथेच ठेवून आले. दोन बोटं गेली तरी स्वयंपाकघर सुटत नाही. एखाद्याचा अपमान कसा करावा हे या मुकाट माणसांकडून शिकावं.

९ नोव्हेंबर
फिएस्टाच्या जेवणाला तीनशे सिल्वाना. संत कातालिनाच्या दिवशी फादर उबाल्दोंच्या अंगणात, बिशपसमोर, एकोणीस वर्षं आमच्याच असतात. या वर्षी एकटीने करायच्या आहेत, आणि करीन. बासिलिसा घरी आली आहे. पुढच्या खोलीत पाय उशीवर ठेवून बसते. स्वयंपाकघराची पायरी तिला चढता येत नाही. बरंच आहे.

दिवे जातात म्हणून रॉकेलचा डबा भरून कोठीच्या वरच्या फळीवर ठेवला. खाली काजूचं पोतं. कोठी अशी रचलेली की बासिलिसाला जन्मात जमली नसती.

१६ नोव्हेंबर
आज शंभर झाल्या. चकत्या इतक्या सारख्या की साच्यातून काढल्यासारख्या. मुळात कामाला दोन हात आणि एक डोकं लागतं, चाटणारं तिसरं माणूस नाही. कोठीतलं पोतं थोडं ओलसर लागलं. पावसाची दमट हवा. काजू भाजल्यावर काय दमट राहणार.

बासिलिसाने बाहेरून दोनदा हाक मारली. "मानांग, एक इथे आणा, नुसती पाहते." नेली नाही. लोरेली परीक्षेला सेबूला गेली आहे, त्यामुळे घरात वकीलही नाही.

२५ नोव्हेंबर
फिएस्टा पार पडली. मी पांढरा पोशाख घातला होता. बिशपनी सिल्वानाचा एक घास घेतला, रुमालाने ओठ टिपले आणि पाणी मागितलं. शहरी पोटं नाजूक असतात. लोणी झेपत नाही. बायकांनी मात्र लगेच रुमालांत गुंडाळून घेतल्या, घरी न्यायला. मिस लिबोर्ना, जिने कधी माझं कौतुक केलेलं नाही, तिनेही दोन गुंडाळल्या. पोरांना वळण नाही, दोन-चार अर्धवट खाऊन फुलांच्या कुंड्यांत टाकलेल्या दिसल्या. आईबाप बघत होते, एकानेही रागावलं नाही.

फादर उबाल्दो शेवटपर्यंत खात होते. संपूर्ण एक. मग माझा हात हातात घेऊन म्हणाले, "सियोन, तुम्ही थकलेल्या दिसता."

मी थकले नव्हते.

२६ नोव्हेंबर
सकाळी फादरची स्वयंपाकीण आठ खोकी परत घेऊन आली. खाली बघत म्हणाली, "मानांग सियोन, यांना रॉकेलचा वास येतोय."

मी खोकं उघडून नाकाशी नेलं. म्हटलं, "काहीतरीच." ती म्हणाली, "बरं, मानांग," आणि इतक्या हळू दार लावून गेली की त्यापेक्षा आपटलं असतं तर बरं.

मी थेट बाजारात गेले. अगापिताच्या टोपल्यांपुढे उभी राहून सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं बोलले. म्हटलं, एकोणीस वर्षं विश्वासाने घेतलं आणि तू रॉकेल लागलेला माल दिलास. म्हटलं, तुझ्यासारख्या बायकांमुळेच हे गाव बुडालं. ती म्हणाली, "माझ्याकडे रॉकेल नाही, मानांग, माझ्याकडे गॅस आहे." मी म्हटलं, खोटारडी. तिच्या शेजारची भाजीवाली तोंडावर हात धरून बघत होती. मूर्ख बाजार. मी छत्री तिथेच विसरून आले.

२७ नोव्हेंबर


लोरेली सेबूहून परतली. टेबलावरच्या परत आलेल्या खोक्यातून एक सिल्वाना घेतली, घास घेतला आणि मोरीत थुंकली. चूळ भरली. मग माझ्याकडे वळून बघत राहिली.

"तिया, तुम्ही ही खाल्ली?"

"खाल्ली."

"कशी लागली?"

"गोड."

तिने फडताळातून गिनामोसची बरणी काढली. कुजवलेल्या मासळीची ती बरणी उघडली की शेजारचे खिडक्या लावतात. झाकण काढून तिने ती माझ्या नाकाखाली धरली. "डोळे मिटा. काय आहे सांगा."

मी म्हटलं, "मी काय तुझी पेशंट आहे?"

"सांगा तर."

काहीच नव्हतं. मी श्वास आत ओढला, पुन्हा ओढला. थंड हवा आली. मग तिने व्हिनेगर धरलं, मग कॉफीचा डबा. व्हिनेगर नाकात टोचलं. कॉफी म्हणजे कोरा कागद.

"कधीपासून?" तिने विचारलं. आवाज एकदम खाली आला होता, इस्पितळात बोलतात तसा.

मला आंबे आठवले. कॉफीवाला आठवला. जूनपासून मी या वहीत कुणाकुणाला शिव्या दिल्या ते मी तिला सांगितलं नाही.

पुढच्या खोलीतून बासिलिसाची हाक आली. "लोरेली, पुरे. त्यांना बसू दे."

लोरेली दारात गेली. "आई, तुला माहीत होतं?"

"तापानंतर पहिल्याच दिवशी. पेजेत मासळीचा रस्सा सांडला होता, मी घाबरले, आता ओरडतील. कागदासारखी लागते म्हणाल्या आणि सगळी संपवली."

मी खुर्चीत बसले. तीनदा पडलेली पातेली. मांजर. तेरा वेळा तोंडाशी गेलेला हात. चर्वण करताना मिटलेले डोळे. आणि त्या दिवशी ताटावर मी तिला चोर ठरवलं तेव्हा तिने माझ्याकडे पाहिलं होतं. एक वाक्य बोलली असती तर सुटली असती.

लोरेली तिच्या आईवर ओरडत होती. "दिवसभर गोड चाखत होतीस? हिच्यासाठी?"

"बोटभर क्रीमने पाय जात नाही. जखम दाखवली नाही, तो माझा गाढवपणा. दाखवली असती तर मला इस्पितळात ठेवलं असतं. मग इथे कोण होतं?"

मी उठून दारात गेले. विचारलं, "मला का सांगितलं नाहीस?"

बासिलिसा मांडीवरची चादर सारखी करत होती. "सांगितलं असतं तर तुम्ही भट्टी बंद केली असती, मानांग. तुम्ही तशा मानी आहात. मग सकाळी उठून तुम्ही काय केलं असतं?" मग म्हणाली, "आणि मला कोण बोललं असतं? घरात आपण दोघीच."

या बाईला मी सव्वीस वर्षं मठ्ठ समजत आले. मठ्ठ कोण ते या वहीच्या प्रत्येक पानावर माझ्याच अक्षरात आहे.

२८ नोव्हेंबर
अगापिताकडे गेले. छत्री तिने खुंटीला अडकवून ठेवली होती. मी सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं म्हटलं की रॉकेल माझ्या कोठीतलं होतं, डबा मीच ठेवला होता, आणि मला वास येत नाही. परवा ज्या आवाजात बोलले त्याच आवाजात बोलायचं ठरवलं होतं. तेवढा आवाज निघाला नाही. भाजीवाली म्हणाली, "काय म्हणाल्या?" म्हणून पुन्हा सांगावं लागलं.

अगापिता म्हणाली, "माझ्या आईचं पण असंच झालं होतं." आणि काजू मोजून दिले. तिच्या दयेची मला गरज नव्हती. काजू घेतले.

फादरना सांगितलं तर ते म्हणाले, "मला वाटलं, माझ्याच तोंडाला चव नाही." एवढं सरळ खोटं बोलणारा धर्मगुरू मी दुसरा पाहिला नाही.

२ डिसेंबर
कोठी धुतली. पोतं फेकलं. रॉकेल घराबाहेर.

लोरेलीला पहिलं पातेलं चाखायला दिलं. "छान आहे," म्हणाली. छान हे काही उत्तर नव्हे. या मुलीच्या जिभेला काही कळत नाही, आईच्या मायेने आंधळी झालेल्या बासिलिसाला एवढंच कळत नाही.

शेवटी मीच सुताराला बोलावून पायरीवर फळी टाकून घेतली आणि बासिलिसाची खुर्ची ढकलत आत आणली. लोरेलीने नियम सांगितला: जिभेला काही लागणार नाही, फक्त नाक. मी पातेलं तिच्यापुढे धरलं. तिने वास घेतला. डोळे मिटून.

"लोणी चांगलं आहे. काजू अजून दोन मिनिटं भाजायला हवे होते."

"आणि व्हॅनिला?"

"अर्धा."

मी अर्धा केला. ती तरी काहीतरी ओठांत दाबून बसली होती. मी म्हटलं, "बोल. आता काय राहिलंय बोलायचं?"

"रागावणार नाही?"

"रागावणार. बोल."

"साखर, मानांग. वासाचं नाही हे, आधीपासूनचं आहे. तुमच्या सिल्वाना कायमच फार गोड होत्या. तुमच्या आईच्या पण होत्या म्हणे. क्रिस्पुलो म्हणायचा, पण तुम्हाला सांगायची त्याची छाती नव्हती."

सव्वीस वर्षं. माझ्या आईच्या मापाला ही कँटीनवाली सव्वीस वर्षं मनात नावं ठेवत होती, आणि माझा सख्खा भाऊ तिच्या बाजूने. हा अपमान मी इथे तारखेसह लिहून ठेवते आहे.

मग साखरेची वाटी उचलली, भरली आणि तिच्यापुढे धरली. तिने मान हलवली. थोडी परत ओतली. तिने पुन्हा मान हलवली. चौथ्यांदा म्हणाली, "हां, आता."

दुपारी दोनपर्यंत सगळ्या संपल्या. मिस लिबोर्ना परत आली आणि आणखी सहा मागितल्या. कशा झाल्या होत्या, ते मला कधीच कळणार नाही.